चार पेडांची वेणी

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर हसून ऐकत आले. मेलेल्यांपैकी मला राग होता तो एकीचाच — माझ्या सवतीचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून मला कोणी भाबडी म्हणायला नको.

मी बिजवराला दिलेली. थोरली दुसऱ्या बाळंतपणात गेली, पाच वर्षांची कुमू मागे ठेवून. लग्नात सासूबाईंनी तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. गोडाधोडाचा पहिला घास टाकाला, मग मला. त्यापेक्षा जिवंत सवत परवडली... निदान तिच्याशी भांडता तरी येतं!

लग्नानंतरच्या मे महिन्यात आम्ही तिघं मुंबईहून बोटीने रत्नागिरीला उतरलो. ह्यांच्या एका स्नेह्यांची मिऱ्याच्या बाजूला, अगदी समुद्रकाठी, चिऱ्याची दोन खोल्यांची बंगली होती. हॉलिडे म्हणे! पहिल्याच दिवशी कळलं, थोरलीलाही हे इथेच घेऊन आले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. ह्यांनी पहिला हापूस कापला. मी हात पुढे केला, तर ह्यांनी फोड माझ्या गळ्यातल्या टाकाला लावली आणि म्हणाले, "तिला इथला आंबा फार आवडायचा."

माझं डोकंच फिरलं. आत जाऊन टाक काढला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला. तेवढ्यात कुमू फणी घेऊन आली. तिला आईसारखी चौपेडी हवी होती, आणि मला तीन पेडांपलीकडे काही येत नव्हतं.

"जा, तुझ्या आईकडूनच घालून घे," मी म्हटलं.

पोर फणी घेऊन गेली. मी दार लावून धुमसत पडले. दोनेक तासांनी उठले तर कुमू घरात नाही, आवारात नाही. हे किनाऱ्याकडे धावले, मागोमाग मी. ओहोटीला चालत जाता येतं त्या कातळावर ती बसली होती — आणि भरती चढलेली, चहूकडे पाणी. ह्यांना पोहता येत नव्हतं. बंगली सांभाळणाऱ्या भागीचा नवरा होडी घेऊन निघाला. मी वाळूत बसकण मारली. देव आठवलाच नाही. "तुमची पोर आहे, सांभाळा हो," असं थोरलीलाच म्हणत राहिले.

कुमू होडीतून उतरली. अंगावरचा झगा कोरडा. पाठीवर घट्ट चौपेडी आणि वर सुरंगीचा गजरा.

"आईनं घातली," ती म्हणाली. "मी पाण्यात उतरत होते ना, तर म्हणाली, वेणी होईपर्यंत उठायचं नाही."

भागी गजऱ्याकडे बघतच राहिली. सुरंगीचा बहर सरून महिना झाला, एवढंच बोलली.

ह्यांचं मत, कोणी कोळीण आली असेल. भागीने सगळ्या वस्तीत विचारलं. त्या दुपारी कातळाकडे कोणीच फिरकलं नव्हतं. मी टाक पुन्हा गळ्यात घातला, आणि पुढच्या आंब्याची फोड स्वतःच्या हाताने त्याला लावली.

कुमूने चार दिवस वेणी सोडू दिली नाही. शेवटी सोडताना एकेक पेड निरखत मी ती शिकले. आता रोज मीच घालते. या गोष्टीला सात वर्षं झाली, उलगडा अजून झालेला नाही. पण खरं सांगू? मला भीती वाटत नाही, जळफळाट होतो. चार दिवसांत त्या वेणीतला एक केस सुटला नव्हता... माझी दुपारपर्यंत विस्कटते.