नववी जोडणी

उपग्रहाला शेवटचा हात कोणाचा लागतो, हे बाहेर कोणाला ठाऊक नसतं. तो शास्त्रज्ञाचा नसतो आणि संचालकांचा तर नसतोच. रॉकेटच्या टोकावरचं झाकण बंद व्हायच्या आधी वायरिंग विभागाचा एक तंत्रज्ञ शिडीवर चढतो, सुरक्षेसाठी लावलेला एक प्लग काढतो, त्याच्या जागी उड्डाणाचा प्लग बसवतो, दोन स्क्रू आवळतो आणि खाली उतरतो. चार मिनिटांचं काम. त्यानंतर त्या यंत्राला माणूस कधीच शिवत नाही.

मागच्या चार उपग्रहांना हा हात दाजींचा लागला होता.

दाजी विभागातले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. वय चोपन्न, नोकरी एकतीस वर्षं, शरीर काटक, बोलणं कमी. त्यांना दाजी म्हणण्याचं कारण घरचं आहे. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ याच विभागात लागला आणि पहिल्याच दिवशी भर हॉलमध्ये त्याने ‘दाजी, माझं टेबल कुठलं?’ असं विचारलं. आठवडाभरात शिपायापासून विभागप्रमुख बाईंपर्यंत सगळे त्यांना दाजी म्हणू लागले आणि त्या धाकट्याला मेहुणे. एकोणीस वर्षांत कमावलेलं नाव एका आठवड्यात गेलं, असं दाजी गमतीने सांगत. अलीकडे सांगताना हसत नसत.

मेहुण्याला काम दाजींनीच शिकवलं. केसाएवढ्या तारा रंगाप्रमाणे लावणं, मेणाच्या दोरीने त्यांच्या जुड्या बांधणं, कनेक्टरमध्ये पिना बसवणं. तो भराभर शिकला. चार माणसांत बोलायलाही शिकला, जे दाजींनी शिकवलं नव्हतं.

या वेळचा उपग्रह दिशादर्शनाचा होता. सगळ्या जगासाठी नाही, आपल्या टापूपुरता. मासेमारीच्या बोटी, मालाचे ट्रक, रुग्णवाहिका यांना आपण नेमके कुठे आहोत ते त्याने सांगायचं. हे सांगण्याचं काम खरं तर आतलं एक घड्याळ करतं. ते सेकंदाच्या एक अब्जांशाने चुकलं, तर खाली अंतर फूटभर चुकतं. घड्याळाकडे जाणाऱ्या सगळ्या तारा एका कनेक्टरमधून जातात. हा कनेक्टर दहा वेळाच जोडायचा, असा नियम आहे. प्रत्येक वेळी आतल्या पिना थोड्या झिजतात, म्हणून दर जोडणीला क्रमांक, तारीख आणि सही. सोमवारी मेहुण्याने तो आठव्यांदा जोडला. त्याच्यासमोर तपासनीस उभा होता.

त्याच सोमवारी बाईंनी प्रक्षेपण केंद्राला जाणाऱ्यांची यादी वाचली. वायरिंगमधून एकच माणूस जाणार होता.

“वायरिंगमधून या वेळी मेहुणे,” बाई म्हणाल्या. मग दाजींकडे वळल्या. “दाजी, तुम्ही चारदा गेलात. चार वर्षांनी तुम्ही निवृत्त. पुढे कोणीतरी तयार हवं ना?”

कारणात खोट काढायला जागा नव्हती. दाजींनी मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली. ती जरा जोरात बसली, एवढंच.

घरी बायकोला फोनवर आधीच कळलं होतं. ती खुशीत होती.

“तोंड का असं केलंय?” तिने विचारलं. “माझा भाऊ जातोय. कोणी परका आहे का?”

“परका असता तर बरं झालं असतं.”

“तुमचाच चेला ना तो? लोक तुमचंच नाव घेतील.”

“घेतील. ‘त्याचे दाजी’ म्हणून.”

मंगळवारी मेहुणा स्वतःच हजर झाला, प्रश्नांची यादी घेऊन. सोफ्यावर बसला, बूट काढले, बहिणीच्या हातचा चहा घेतला.

“दाजी, तिथे वारा फार असतो का हो?”

“आत कुठला वारा? बंद इमारत आहे.”

“आणि शिडीवर आधी कुठला पाय टाकायचा?”

“चढताना कुठलाही टाक. पडताना बघ.”

मेहुणा खो खो हसला. त्याला हा विनोद वाटला. निघताना बायकोने कपाटावरून निळी बॅग काढली. चारही वेळा दाजींसोबत गेलेली. पुसून तिने ती भावाच्या हातात दिली. “ने हीच. यांना आता कुठे लागणार आहे?”

दाजी वर्तमानपत्र वाचत होते. एकाच पानावर ते अर्धा तास होते.

बुधवारपासून त्यांनी मेहुण्याचं काम तपासायला घेतलं. तसं कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी फोटो काढून बघितले, दोन गाठींमधलं अंतर पट्टीने मोजलं, नोंदवह्या चाळल्या. एके ठिकाणी दोरीचं टोक नियमापेक्षा मिलिमीटरभर लांब निघालं. ते त्यांनी कापून घ्यायला लावलं, चार लोकांदेखत.

“बाकी सगळं ठीक ना, दाजी?” मेहुण्याने विचारलं.

“घड्याळाचा कनेक्टर एका बाजूला कललाय असं वाटतं.”

“नाही हो. मी दोनदा बघितलं. तपासनिसाने बघितलं. परवापासूनची चाचणीही आज पास झाली.”

“मला वाटतं ते सांगितलं.”

“तुम्हाला चष्मा बदलायला हवा,” मेहुणा म्हणाला. नेहमीसारखंच, थट्टेत. पण शेजारच्या टेबलावर दोघे हसले, आणि ते दाजींना झोंबलं.

क्लीनरूममध्ये उपग्रहाला एकट्याने हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा. काम करणारा एक, बघणारा एक. एकतीस वर्षं दाजींनी तो इतरांना शिकवला होता. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ते पांढरा डगला, टोपी, मोजे चढवून आत गेले. आत अजून एक जण होता, पण उपग्रहाच्या पलीकडच्या बाजूला, पाठमोरा, सौर पंखांची कव्हरं पुसत. दाजींनी पाना घेतला, कनेक्टरचे दोन स्क्रू सोडवले आणि तो उघडला.

त्यांना वाकलेली एक पिन हवी होती. एखादा चरा, धुळीचा एखादा कण, काहीही. टॉर्चच्या उजेडात त्यांनी एकेक पिन मोजून बघितली. सगळ्या सरळ होत्या, स्वच्छ होत्या, शाळेतल्या कवायतीसारख्या उभ्या होत्या. ओळखीचं काम होतं ते. त्यांनी स्वतः केलं असतं तर असंच केलं असतं.

मग त्यांनी तो पुन्हा बंद केला. आयुष्यात केलं नसेल इतक्या काळजीने. एक स्क्रू अर्धा वेढा, दुसरा अर्धा वेढा, पुन्हा पहिला, ठरलेल्या जोरावर पाना टक् करेपर्यंत. स्क्रू आवळल्यावर स्क्रूपासून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढलेली असते. स्क्रू हलला की रेघ तुटते. दाजींनी आवळल्यावर ती जवळपास जुळली. हे ‘जवळपास’ त्यांनी दुसऱ्यांच्या कामात कितीतरी वेळा नापास केलेलं होतं. नोंदवहीत त्यांनी काही लिहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी ते भिंगाच्या नजरेत आलं. भिंग म्हणजे तपासनीस. नाव काय ते फक्त पगारपत्रकाला माहीत. उपग्रह केंद्राला नेणाऱ्या गाडीत ठेवण्याआधीची शेवटची पाहणी करताना तो कनेक्टरपाशी थांबला आणि म्हणाला, “रेघ तुटली आहे.”

पाच मिनिटांत बाई आत आल्या. मेहुणा आला. दाजी तिथेच होते.

“बंद कोणी केला होता?” बाईंनी विचारलं.

“मी,” मेहुणा म्हणाला. “यांच्यासमोर. रेघ मीच ओढली.”

“मी बघितली तेव्हा अखंड होती,” भिंग म्हणाला.

“मग हलली कशी? भुताने हलवली?” बाई म्हणाल्या.

“मला खरंच माहीत नाही, बाई.”

“सही तुमची आहे, मेहुणे. तुम्ही नंतर उघडला होता का? खरं सांगा. दुरुस्त करायला म्हणून उघडला असेल तरी सांगा.”

“नाही उघडला.”

बाईंनी नोंदवहीतली सही पुन्हा बघितली. मग म्हणाल्या, “नावं आज दुपारी केंद्राला कळवायची आहेत. ज्याच्या सहीखाली असा घोळ आहे, त्याला मी शेवटच्या प्लगला पाठवू शकत नाही.” त्या वळल्या. “दाजी, तुम्ही तयारी ठेवा.”

“बरं,” दाजी म्हणाले.

एवढंच म्हणाले. मेहुणा खाली बघत होता. मास्कच्या वर फक्त डोळे दिसतात, आणि ते लाल झाले होते. दाजींना हवं होतं ते सगळं त्यांच्या ओंजळीत पडलं होतं, न मागता. पुढे गप्प राहण्यापलीकडे त्यांना काही करायचं नव्हतं, आणि गप्प राहणं त्यांना उत्तम जमतं.

भिंग मात्र कनेक्टरपाशीच होता. स्क्रूचा जोर त्याने मापून बघितला. पातळ पट्टी घेऊन चारी बाजूंची फट मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली.

“एक सांगू का?” तो म्हणाला. “रेघेचं काय व्हायचं ते होवो, पण काम नंबरी आहे. चारी बाजूंना फट सारखी. सोमवारी मी मोजली तेव्हा एका बाजूला किंचित कमी होती, नियमात बसणारी. आता तेवढाही फरक नाही. असा बसवलेला कनेक्टर मी या हॉलमध्ये बघितला नाही.” त्याने मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मागाहून तू चोरून सुधारलंस ना? चूक केलीस. पण हात आहे तुझा.”

“दाजींपेक्षाही?” बाईंनी विचारलं.

“दाजींच्या उमेदीच्या काळातही नाही बघितलं असं.”

मेहुणा गोंधळला. तो म्हणाला, “थँक यू.”

“तो मी बंद केलाय,” दाजी म्हणाले.

आपली चूक दुसऱ्याच्या नावावर जाते आहे, हे त्यांनी दहा मिनिटं सहन केलं होतं. आपलं कौतुक दुसऱ्याच्या नावावर गेलेलं त्यांना दहा सेकंदही सहन झालं नाही.

“काय?” बाई म्हणाल्या.

“काल. जेवणाच्या सुट्टीत. मी उघडला आणि मी बंद केला.”

“कोणासमोर?”

“कोणासमोर नाही.”

“नोंद?”

“नाही.”

“कशासाठी उघडलात?”

“बघायला.”

“मग? काय दिसलं?”

इथे दाजींना वेळ लागला. आधीचं सगळं कबूल करायला लागला नव्हता एवढा.

“नीट होतं,” ते म्हणाले.

दुपारी बैठक झाली. कनेक्टर पुन्हा उघडायचा का, यावर तासभर खल झाला. उघडला तर पुन्हा जोडताना दहावी जोडणी खर्ची पडणार, अडचण आली तर हाताशी काही उरणार नाही. शेवटी असं ठरलं की तो दाजींनी बंद केला तसाच राहू द्यायचा आणि घड्याळाची दोन दिवसांची चाचणी त्यातूनच पुन्हा घ्यायची. उपग्रहाची गाडी तीन दिवस उशिरा निघाली. मेहुण्याचं नाव यादीत राहिलं. दाजींचा क्लीनरूमचा पास सहा महिन्यांसाठी काढून घेतला आणि त्यांना बाहेरच्या टेबलावर नव्या लोकांना गाठी शिकवायला बसवलं. नोंदवहीत बाईंनी स्वतः लिहिलं: जोडणी क्रमांक नऊ. खाली दाजींची सही घेतली. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक शंका’.

बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना म्हणाली, “बाहेरच्या कोणाचं केलं असतंत का असं?”

“बाहेरच्या कोणाचं उघडून बघावंसं वाटलंच नसतं.”

“लाज नाही वाटत?”

“वाटते. पण भिंग काय म्हणाला ते तुला सांगितलं का मी?”

“चार वेळा,” बायको म्हणाली आणि भांडं आपटलं.

मेहुणा गेला, शिडीवर चढला, प्लग बसवला, उतरला. चार मिनिटं वीस सेकंद. गाडी उशिरा निघूनही उपग्रह ठरल्या दिवशी सकाळी उडाला. विभागात सगळ्यांनी पडद्यावर बघितला. दाजी मागच्या रांगेत उभे होते आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत शेवटी सुरू झाले. पुढे पाच आठवड्यांनी घड्याळ सुरू केल्याची बातमी आली. स्थिर होतं, अपेक्षेपेक्षा चांगलं.

त्या दुपारी कँटीनमध्ये मेहुणा नेहमीप्रमाणे शिडीची गोष्ट सांगत होता. परतल्यापासून तो ती रोज कोणाला ना कोणाला सांगत असे. तो अर्ध्यावर आला की दाजी हात धुवायला उठत, असा रिवाज पडला होता. आजही ते उठणार, तेवढ्यात भिंग म्हणाला, “ते सगळं ठीक आहे मेहुणे, पण घड्याळ चालतंय ते दाजींच्या जोडणीवर हं. वर नवव्या नंबरची गेली, आठव्या नंबरची नाही.”

टेबलावर हशा पिकला.

“माझ्या जोडणीवरही चाललंच असतं,” मेहुणा म्हणाला. तो हसला नाही. “चाचणी पास झाली होती माझी. कोणी मध्ये हात घातला नसता तर...” वाक्य त्याने सोडून दिलं आणि डब्याचं झाकण लावू लागला. ते नीट बसेना.

हा सूर दाजींच्या ओळखीचा होता. गेले कित्येक महिने तो त्यांच्याच घशात अडकलेला होता. त्यांनी मेहुण्याकडे नीट बघितलं, बरं वाटेपर्यंत बघितलं, आणि खुर्ची पुढे ओढली.

“अरे, थांबलास का?” ते म्हणाले. “शिडीपर्यंत आला होतास. मग?”

आणि ती गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकून घेतली.