चपलेत फिरणारा हात

आत्याचा कुष्ठरोग औषधांनी गेला, पण पावलं बधिर ती बधिरच राहिली. म्हणून गोंडपिपरीहून मी तिला मिशनच्या दवाखान्यात न्यायचो. तिथल्या व्हरांड्यात एक माणूस अशा पायांसाठी मऊ रबराच्या चपला शिवत बसलेला असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

आत्याचं पाऊल मांडीवर घेऊन तो माप घ्यायचा. मग तिच्या जुन्या चपलेत हात घालून तळ सावकाश चाचपायचा. मी मात्र घरी त्याच चपला पायानं बाजूला सरकवायचो.

एकदा चाचपताना तो कळवळला. बाभळीचा काटा तळातून वर आला होता. त्याच्या बोटातून रक्त आलं. आत्या सकाळपासून त्याच काट्यावर चालत होती आणि तिला पत्ताही नव्हता.

"हातमोजा घालत जा ना," मी म्हणालो.

"हातमोज्याले टोचलेलं समजत नाई, भाऊ. बाईले दुखत नाई, तं कोनाले तरी दुखाले पायजे." गळ्यातला क्रूस शर्टात सारत तो म्हणाला, "येशूनं महारोग्याले आधी हात लावला, मंग बरा केला. नुसता बोलला असता तरी तो बरा झाला असता. मंग काऊन लावला असन हात?"

उत्तराची वाट न बघता त्यानं काटा उपटला.

आता आत्या शेतातून आली की मी तिच्या चपलांमध्ये हात घालतो. काटा असला की ओरडतो मी, आणि आत्या घाबरून विचारते, "जोरानं लागला काय गा?"