एक्स्चेंजबाईंची लाइन

"पोरगी हुशार आहे हो, पण तोंड घरीच ठेवून येते."

मी टेबलाखाली वायर धरून बसले होते आणि वर बाई विहाराच्या सेक्रेटरीकाकांना माझ्याबद्दल हे सांगत होत्या. मला ऐकू जाईल याची त्यांना पर्वा नव्हती. त्यांना हळू बोलताच येत नसे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे माणूस हातभर अंतरावर असला तरी त्या नागपूरशी बोलल्यासारख्या बोलायच्या. आमच्या हेंद्रेपाड्यातली सगळी मुलं त्यांना एक्स्चेंजबाई म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांनी विहारामागच्या अभ्यासिकेत दोन कॉम्प्युटर आणवले. अंबरनाथच्या एका कारखान्याने मोडीत काढलेले, इतके जुने की विंडोज सुरू होईपर्यंत चहा उकळून व्हायचा. म्हणून बाईंच्या मुलाने, मिलिंदने, त्यांवर जुन्या मशीनलाही झेपणारं लिनक्स घातलं. केबलवाल्याचं इंटरनेट जोडलं. कुवेतला निघण्याआधी आईची ईमेल एका मशीनमध्ये पासवर्डसकट बसवून दिली. तो पासवर्ड काय आहे हे बाईंनी कधी विचारलं नाही. "मुलाने दार उघडं ठेवलंय, मग किल्ली कशाला मागायची?" म्हणायच्या.

मी इंग्रजी शाळेतली. मराठी बोलले तर मुलं हसायची, इंग्रजी बोलले तर शिष्ट म्हणायची, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. बाईंनी मला कीबोर्डपाशी बसवलं. त्यांना कानाने काम करायची सवय, तेव्हा स्क्रीनवरची प्रत्येक ओळ मी वाचून दाखवायची. मी पुटपुटले की त्या टेबलावर बोटं आपटत. "मुक्ये, अगं त्या ओळीला कोण ऐकणार? माझा पंखासुद्धा तुझ्यापेक्षा जास्त बोलतो."

फॉल्ट शोधायची त्यांची एक रीत होती. आधी आपलं टोक. डोळे मिटून त्या वायरवरून बोटं फिरवत जायच्या, कुठे दबलीय का, उंदराने कुरतडलीय का. मग वायर जिथे मशीनला जोडते त्या नेटवर्क कार्डाचा हिरवा दिवा. मग मी केबलवाल्याच्या मशीनला पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, पाठवायची. पलीकडून उत्तर आलं की बाई टाळी वाजवायच्या. "बोललं!" आज ऑफिसात नेट बंद पडलं की मीही पहिल्यांदा वायर चाचपते, डोळे मिटून. लोक हसतात. बाई जाऊन आता काही वर्षं झाली, पण त्यांची बोटं माझ्या हातात राहिली आहेत.

त्यांचा आणखी एक नियम होता. सकाळी अभ्यासिका उघडली की दोन्ही मशीनं सुरू करायची, कामासाठी एकच लागणार असलं तरी. "एक्स्चेंजमध्ये मेलेली लाइन ठेवत नाहीत," एवढंच कारण.

एकदा वीज वरखाली झाली आणि एका मशीनचं नेटवर्क कार्ड जळलं. दुसऱ्याचंही आज ना उद्या जाणार, म्हणून बाई मला घेऊन उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेल्या. दुकानदाराने सारखी दिसणारी दोन कार्डं काढली. "मॅडम, दोनो एकही माल, जुडवाँ समझो. बिनधास्त घेऊन जावा." बाई म्हणाल्या, "नाही चाललं तर तुझ्या दारात बसून गाणी म्हणेन. माझा आवाज ऐकलायस ना?" तो हात जोडून हसला.

दोन्ही मशीनांत नवी कार्डं बसवली, लिनक्सने ती लगेच ओळखली. दिवे लागले. पण त्याच दिवसापासून नेट लपंडाव खेळायला लागलं. पलीकडून थोडी उत्तरं यायची, मग सगळं गप्प. मेल अर्धवट उतरायची आणि तुटायची.

आणि त्याच आठवड्यात आखातात युद्ध पेटलं.

मिलिंद सीमेजवळच्या एका कॅम्पात फिटर होता. तिथे फोन नव्हता. कंपनीच्या ऑफिसला फोन लावला की रेकॉर्ड केलेली बाई सांगायची, या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत. बाईंनी हेच वाक्य जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. रिसीव्हर ठेवून त्यांनी तोच नंबर पुन्हा फिरवला. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतही त्या जाऊन आल्या. तिथे पासवर्ड विचारला. त्या तशाच परत आल्या.

मग बाईंचा आवाज लहान झाला. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली.

त्या दुपारी त्या पुन्हा खाली बसून वायर चाचपत होत्या. भिंतीपर्यंत जायच्या, परत पहिल्यापासून. सेक्रेटरीकाका म्हणाले, "बाई, वायर ठीक आहे. मी केबलवाल्यालाच उचलून आणतो." बाईंनी ऐकलंच नाही. "आपलंच टोक असणार," त्या स्वतःशी म्हणत होत्या, "आपलंच."

मी कार्डाची माहिती दाखवणारी कमांड दिली. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच एक नंबर मिळतो, जगात दुसऱ्या कुणाला नसलेला. मी तो पाहिला. मग शेजारच्या मशीनचा पाहिला. पुन्हा पाहिला. दोन्हीकडे तोच नंबर होता. नक्कल करणाऱ्याने सगळ्या कार्डांवर एकच छापला असणार. दोन्ही मशीनं चालू असली की पलीकडून आलेलं उत्तर नेमकं कुणाचं, हेच केबलवाल्याच्या मशीनला कळत नव्हतं. आणि आमच्याकडे दोन्ही कायम चालू असायची.

सांगायला तोंड उघडलं, पण शब्द मराठीत येईना की इंग्रजीत. मी हात लांब केला आणि शेजारच्या मशीनचं बटण दाबलं.

"ए! लाइन तोडलीस?" बाई ओरडल्या. जुन्या आवाजात.

पिंगची उत्तरं येऊ लागली. एकाखाली एक, न थांबता. मेलची निळी पट्टी सरकत शेवटपर्यंत गेली.

एकच नवी मेल होती. मिलिंदची नव्हती, त्याच्या कंपनीची होती. बाईंनी नाव पाहिलं आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली. "तू बघ," म्हणाल्या. "मला नाही बघायचं."

मी मेल उघडली. लांबलचक, कोरडं इंग्रजी. पहिल्या परिच्छेदात हल्ला, कॅम्पचं नुकसान, खेद. खाली कामगारांची नावं होती, मी बोटाने शोधत गेले. बाई स्क्रीनकडे पाहतच नव्हत्या, माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. सेक्रेटरीकाका दारातच थबकले होते.

मी उभी राहिले आणि बाहेरच्या गल्लीतही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "बाई, मिलिंददादा सुखरूप आहे! हल्ल्याच्या आधीच त्याला तिथून हलवलं होतं. लाइन लागली की तो फोन करणार आहे."