नान न चाखलेले चोर

आमच्या सुसामीरच्या खोऱ्यात बर्फ पडणं ही काही बातमी नाही. पण त्या माघात दोन रात्रींत इतका पडला, की ऊलकान आपाच्या गोठ्याचं दारच दिसेनासं झालं. आत तिची गाय, आला नावाची. दिवस भरलेली. आदल्या वर्षीचं वासरू गारठून गेलं होतं. शहात्तर वर्षांच्या त्या एकट्या बाईला बोलायला दुसरं कुणी नव्हतं, सगळी सुखदुःखं गाईच्याच कानात.

मी तिची शेजारीण. उंबरठ्याशी आलेल्यानं नानचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बाकीच्या घरांतून लोक उभ्याउभ्या कोर मोडून निघतात. आपाच्या घरी मात्र कोरीमागून साय येते, सायीमागून मुरंबा, मग दूध घातलेला चहा, मग तुमच्या माहेरच्या मेंढरांचीसुद्धा विचारपूस. एकदा तिला सुई टोचायला आलेली नर्स इतकं जेवली, की सुई न टोचताच परत गेली.

पहिल्या दिवशी चौघे जण फावडी घेऊन आले.

"आधी नान चाखा," आपा दारातच.

"आपा, गाय आत अडकलीय!"

"म्हणून काय उपाशी राबवू तुम्हाला? एकच घास. बसा!"

उठेपर्यंत ऊन कलंडलं. जेमतेम पाच हात वाट झाली, ती सकाळपर्यंत पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाला दोलोत आला. तो तर चुलीच्या उबेला घोरायलाच लागला, आणि आपानं त्याच्यावर गोधडी घातली.

तिसऱ्या सकाळी आलाचं हंबरणं बदललं. आपा नान कापता कापता थांबली. सुरी हातातच. "ऐकलंस?" एवढंच मला म्हणाली.

मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, "आपाच्या पुढच्या दारानं जाल तर वासरू जाईल. आणखी तिघांना घेऊन आपल्या अंगणातून मागे उतरा, गोठ्याच्या शेण काढायच्या खिडकीपर्यंत खणा. आवाज करू नका."

"आणि आपा?"

"तिला मी खाते."

"काय?"

"तिच्याकडचं खाते हो, तुम्ही निघा!"

अशी मी जाऊन बसले. तिसरा नान, चौथा चहा. पोटाचा नगारा झाला, तरी "आपा, अजून थोडी साय" चालूच. तेवढ्यात मागून धप्प आवाज आला.

आपाचे कान टवकारले. "चोर!"

"छे हो, कुणी मदतीला आलं असेल."

"मदतीला? नान न चाखता?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कालच लग्न करून गावात आले. "मदतीला आलेला माणूस दारातून येतो. मागून येतो तो चोरच. माझी गाय न्यायला आलेत मेले!"

चुलीजवळच्या गोवऱ्या ओच्यात भरून तिनं मागची खिडकी उघडली. पहिली गोवरी दोलोतच्या टोपीवर. दुसरी आमच्या ह्यांच्या पाठीत. नेम शहात्तरीत एवढा, तर विशीत काय असेल!

"अहो आपा, मी दोलोत!"

"काल माझ्याकडे जेवलास आणि आज चोरी?"

तिसरी गोवरी हातातच राहिली. शेणाच्या खिडकीतून मास्तरीण जीपार बाहेर सरकली. तिच्या कोटात काहीतरी ओलं, काळं, धडपडणारं.

"पायाळू होतं," ती धापा टाकत म्हणाली. "ओढून काढलं. आला बरी आहे."

आपानं गोवरी हळूच खाली ठेवली. डोळे पुसले. मग पुन्हा आवाज चढला. "आणि रिकाम्या पोटी हे सगळं केलंत? लाज नाही वाटत?"

खिडकीतूनच तिनं नान फेकायला सुरुवात केली. नेम तोच.

वासराचं नाव तिनं चोर ठेवलं. संध्याकाळी ती अंगणात उभी राहून हाक मारते, "ए चोरा, घरी ये!" तेव्हा गावातली चार मोठी माणसं आधी वळून बघतात.