मार कोन खाते?

"आधी हे सांगा, मार कोन खाऊन राहिला?"

मारामारीच्या सीनला संगीत द्या म्हटलं तेव्हा मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून पहिल्यांदा हेच विचारलं. मारणारा कोण, याची चौकशी त्यांनी केली नाही. मारणारा म्हणजे सिनेमाला पैसे लावणारा, हे तुम्हाआम्हाला कळतं तसं त्यांनाही कळत होतं.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या काळातली गोष्ट. गावोगावी सीडीवरचे सिनेमे काढायचं खूळ आलं होतं. लाखनीला हायवेवर माझं लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंगचं दुकान होतं. मास्तर जवाहरनगरला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरात राहायचे. आठवडाभर ड्यूटी, हिवाळ्यात नाटकांत ऑर्गन वाजवणं आणि रविवारी बसने माझ्याकडे. "रिटायर व्हायच्या आधी एक डाव माहं संगीत पडद्यावर आयकाचं हाये," म्हणायचे. त्यांच्या डोक्यात सत्तर वादकांचा ताफा होता. आमच्याकडे एक व्हायोलिनवाला, एक बासरीवाला आणि लग्नसराई संपल्यामुळे रिकामे झालेले बँडवाले.

व्हायोलिनवाल्याकडून त्यांनी एकच ओळ आठ वेळा वाजवून घेतली आणि दर वेळी त्याला खुर्ची बदलायला लावली. "अजी, एका खुर्चीवर आठ मानसं बसतेत का?" मी खो खो हसलो. मग आठही ओळी एकावर एक चढवून ऐकल्या आणि माझं हसू जिरलं. मध्येच ट्रकचा हॉर्न वाजून टेक वाया गेला तरी मास्तर चिडायचे नाहीत. "जाऊ द्या त्याले. त्यालेबी घर हाये."

सिनेमा एका राईस मिलवाल्याचा होता. निर्माता तोच, हीरोही तोच. पोट आत ओढून तो नऊ गुंडांना लोळवायचा. नऊही गुंड म्हणजे कोंढा गावचा एकच गवंडी, शर्ट बदलून बदलून. मास्तरांनी त्याला दुकानात बोलावून घेतलं.

"खरं सांगजो, कुठं लागलं?"

गवंड्याने पँट वर करून सोललेला गुडघा दाखवला. मास्तरांनी त्या गुडघ्यावर संगीत लिहिलं. ढोल, ट्रंपेट, पळत सुटलेली आठ व्हायोलिनं. आणि गवंडी जमिनीवर आदळला की सगळं बंद, फक्त बासरी. मी म्हटलं, मास्तर, हे काय? ते म्हणाले, "पडनाऱ्याले ढोल आयकू येत नाही जी."

मिलवाल्याने ऐकलं आणि त्याचं डोकंच फिरलं. "मी मारून राहिलो अन् पब्लिकले त्या गवंड्याची दया येऊन राहिली! काढा हे, ढिशुम टाका!"

मास्तर तेव्हा तिथे नव्हते. मी होतो. मिलवाल्याच्या पोरीच्या लग्नाचं शूटिंग मला मिळणार होतं, तेव्हा मी शेपूट घातलं. संगीत काढलं, तयार ढिशुम टाकलं. मास्तरांना सांगायची छाती झाली नाही.

समाजमंदिरात सिनेमा लागला. मास्तर इस्त्रीचा सफारी घालून बायकोसह पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर नाव आलं तेव्हा बाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. मग मारामारी आली. ढिशुम, ढिशुम! लोकांनी शिट्ट्या मारल्या. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.

बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी मला एवढंच विचारलं, "आता मार कोनं खाल्ला जी?"

मला लाज वाटली, आजही वाटते. ते पुन्हा दुकानात आले नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात मास्तर गेले. आठवड्याभराने तो गवंडी दुकानात येऊन उभा राहिला. केस पिकलेले, हाताला सिमेंट. "मास्तर म्हनत होते, माह्यासाठी बासरी ठेवली हाये. सिनेमात तं नव्हती. तुमच्यापाशी हाये का?"

होती. पुसली नव्हती, एवढंच काय ते माझं पुण्य. मी लावली. ढोल आले, ट्रंपेट आले, आठ खुर्च्यांवरची व्हायोलिनं पळाली, आणि एकदम सगळं थांबलं. गवंड्याचा हात गुडघ्यावर गेला.

"इथं पडलो मी," तो म्हणाला.

बासरी संपेपर्यंत तो हलला नाही. मग डोळे पुसून म्हणाला, "एक डाव अजून पाडा जी मले."