टिंग टिडिंग टिंग

मल्लेश्वरीचा गुन्हा एवढाच, की तिला अमरेशसारखा भाऊ होता. संतपुरात सीड्या भाड्यानं देता देता ह्या पठ्ठ्यानं २००४ साली स्वतःची कंपनी काढली. कंपनी म्हणजे काय हो, एक कॅमेरा, एक कॉम्प्युटर, अन् भजनं, जत्रा, नवरा-बायकोची भांडणं असल्या स्वस्तातल्या सीड्या. पण मोठ्या कंपनीच्या सीडीला कसं, आधी चित्र येतं, वाजंत्री वाजते. तसलं आपल्यालाबी पाहिजे! मग बहिणीला आईची इरकल नेसवली, गच्चीवर उभी केली.

"मल्ली, गर्रकन वळ, हात जोड अन् हास."

"कुणाकडं बघून हासू अण्णा?"

"गिऱ्हाइकाकडं बघून."

झालं. पोरीच्या मागं निळे तारे, डोक्यावर फुलं, पायाशी कंपनीचं नाव. प्रत्येक सीडीला आधी ही वळणार, हात जोडणार, टिंग टिडिंग टिंग वाजणार, मगच भजन. पुढं ढकलायची सोय न्हाई.

त्या दिवसापासून पोरीचे हात तिचे राहिले न्हाईत. औरादच्या बाजारात कुण्या म्हातारीला नमस्काराचं ‘शरणार्थी’ म्हणत हात जोडले, की मागून कुणीतरी वाजवणारच, टिंग टिडिंग टिंग! बघायला येणारे पाहुणेबी तसलेच. "पोरीला काय बघायचं, रोजच बघायलोय की," म्हणायचे, चहा प्यायचे अन् जायचे.

शेवटी मंठाळच्या रुद्रम्मा आल्या, आपल्या लेकासाठी, हावगेप्पासाठी. बाई सरळ बोलली, "पोरगी पसंत हाय. पण आमची सून लोकांच्या घरोघरी हात जोडत फिरायची न्हाई. ते चित्र काढा."

अमरेशचं तोंड उतरलं. "काढलं तर धंदा बसंल हो, अक्का."

"अन् मी घरात बसलेली चालंल?" मल्लेश्वरी आतून म्हणाली. भावाला उलटं बोलायची तिची ती पहिलीच वेळ.

चित्र निघालं. तिच्या जागी पृथ्वी फिरायला लागली. मल्लेश्वरीला वाटलं, सुटले.

सुटतीया कुठली! मंठाळला सासरची वडीलमंडळी ओळीनं बसलेली, नव्या सुनंनं हात जोडले, अन् दारातून पोरं एका सुरात, टिंग टिडिंग टिंग! सासऱ्याचं पान नाकात गेलं. अमरेशनं नव्या सीड्यांवरून काढलं होतं हो, पण जुन्या सीड्यांच्या चोरून केलेल्या कॉप्या गुलबर्ग्यापर्यंत पोचल्या होत्या. त्यांच्यातून तिला कोण काढणार?

पण बाई डोक्याची. तिच्या ध्यानात आलं, हात जोडले न्हाईत तर वाजत न्हाई. मग हात जोडायचेच न्हाईत, सरळ पाय धरायचे! सासूचे धरले, शेजारणीचे धरले, बांगड्या भरायला आलेल्या बाईचे धरले. चुलत दीर तर उडीच मारून पळाला, "वयनी, मी धाकटा हाय!" गाव म्हणायला लागलं, सून असावी तर अशी. रुद्रम्मा तर नाक वर करून पाण्याला जायच्या.

इकडं सुनंची कंबर गेली. हावगेप्पानं बामाची डबी आणली. "कामून एवढं वाकायलीस?"

"हात जोडले की तुमचं गाव वाजंत्री लावतंय म्हणून."

हसू दाबता दाबता त्याच्याबी तोंडातून टिंग निघालंच. तिनं डबी हिसकावून घेतली.

दिवाळीला अमरेश आला. धंदा खरंच बसला होता. "लोक म्हणायलेत, पृथ्वीला काय बघायचं?" एवढ्यात मल्लेश्वरी पूजा करून उठली अन् सासूच्या पायावर वाकली. अमरेशचे डोळे लकाकले.

"हेच! हेच पाहिजे! सून वाकायली, सासू आशीर्वाद द्यायली. हात जोडायचं कामच न्हाई!"

मल्लेश्वरीनं मोठ्या आशेनं सासूकडं बघितलं. "आत्याबाई, तुमीच म्हणला होता, आमची सून घरोघरी..."

"ते हात जोडायचं म्हणले होते," रुद्रम्मा म्हणाल्या. "हे संस्कार हाईत." मग अमरेशकडं वळून हळूच, "चेहरा येतो का रे, का नुसते पायच?"

"दोन्ही येतं, अक्का!"

तिनं नवऱ्याला शोधलं. तो केव्हाच अंगणात शूटिंगच्या उजेडाआड येणारी फांदी तोडायला झाडावर चढला होता.

"मल्ली," न्हाणीच्या दगडावर टाचा घासत बसलेल्या रुद्रम्मांनी हाक मारली, "जरा पाणी वत गं पायावर."

मल्लेश्वरी तांब्या घेऊन वाकली.