दारावरचा आरसा निघेना

मी दारं बसवतो. हिंगोलीत आमचं ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि पीव्हीसी दारांचं छोटंसं दुकान आहे, पंधरा-सोळा वर्षं हेच काम. त्यामुळं ‘बंद दार आपोआप उघडलं’, ‘कुणी नसताना कडी वाजली’ असलं काही कुणी सांगायला लागलं की मला हसू यायचं. बिजागरी सैल असेल, चौकट हलली असेल, लाकूड फुगलं असेल... दाराला कारण असतंच. इथं ह्या ग्रुपवर तुम्हा लोकांचे अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात दुरुस्त्या करत बसायचो. आता माझाच अनुभव लिहितोय, आणि ह्यात मला दुरुस्ती सापडलेली नाही.

एक आधीच सांगतो. लिहिताना राग येतोय. वर्ष होत आलं तरी तो कमी झालेला नाही, त्यामुळं भाषा कुठं घसरली तर समजून घ्या.

माझी धाकटी बहीण वर्षा. तिला सेनगाव तालुक्यात दिली, साखरा गावाच्या पुढं. तिच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी मुलगी झाली, आरू. बाळंतपणानंतर वर्षाच्या ओठाच्या कडेला एक पांढरा डाग आला. मग डोळ्याभोवती आला, मग बोटांवर. नांदेडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं — हे कोड आहे, शिवल्यानं लागत नाही, जिवाला काही धोका नाही. दाजी शेजारी बसले होते. त्यांनी मान हलवली, डॉक्टरांना ‘बराबर हाय साहेब’ म्हणाले. आणि घरी आल्यावर तिचा कप वेगळा झाला. मग ताट. मग अंथरूण. शेवटी तिला लेकरासकट मागच्या खोलीत घातलं.

त्या खोलीला दार नव्हतं. तिच्या सासूबाईंनी मला फोन केला, मी पांढरं पीव्हीसी दार नेऊन बसवलं. त्या म्हणाल्या, “कडी बाहेरून बी लाव बाबा.” काहून, म्हणून मी विचारलं नाही. शेतात जाताना खोली बंद करायची असेल, असं वाटलं. ड्रिल मारलं, कडी लावली, चहा पिऊन परत आलो... माझा सगळ्यात जास्त राग कुणावर असेल तर तो त्या दिवशी चहा पिणाऱ्या माणसावर आहे.

गेल्या भाऊबीजेला त्यांनी वर्षाला माहेरी पाठवलं नाही. म्हणाले, तूर फुलावर आहे, माणूस कमी आहे. म्हणून मीच मोटरसायकल काढून गेलो. हातात फक्त फराळाची पिशवी. तिनं पाट मांडला, मला ओवाळलं, माझ्या कपाळावर टिळा अगदी मधोमध लावला. आणि तिचं स्वतःचं कुंकू? भुवईच्या वर, एका बाजूला, तिरपं.

मी हसून म्हणालो, “वर्षे, कुंकू बघ की, कुठं गेलंय.”

तिनं झटकन पदरानं पुसून टाकलं. सासूबाई परसात गेल्या तशी हळूच म्हणाली, “दादा, दीड वरीस झालं, घरात आरसा न्हाई.”

“न्हाई म्हंजे?”

“आरशाचं कपाट शीतलच्या खोलीत नेलं, खोलीला कुलूप असतंय. मोरीतला बी काढला. आत्याबाई म्हणत्यात, तोंड बघून बघून रडत बसती, लेकराकडं ध्यान न्हाई. मोबाईल ह्यांच्या खिशात. मी कुंकू लावून आरूला विचारते, बराबर हाय का. ती म्हणती, बराबर हाय.”

आरू चार वर्षांची आहे.

शीतल म्हणजे तिची नणंद. तिच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, आणि वर्षा कुणाच्या नजरेला पडली तर सोयरीक मोडेल ही सासूबाईंना भीती. बाहेरच्या कडीचा उपयोग मला त्या दिवशी कळला.

मी उठलो, सेनगावला गेलो. जनरल स्टोअरमधून प्लास्टिकच्या चौकटीचा एक आरसा घेतला, वीतभर रुंद, दीड वीत उंच. परत आलो आणि सासूबाईंना म्हणालो, “मावशी, एक खिळा अन् हातोडी द्या.”

“माझ्या भिंतीला खिळा ठोकायचा न्हाई,” त्या म्हणाल्या.

माझी हत्यारांची पिशवी हिंगोलीत. पण मोटरसायकलच्या बाजूच्या डिकीत फोमच्या डबल टेपचा उरलेला गुंडा पडला होता. त्या खोलीच्या भिंतींचे पोपडे निघाले होते, तिथं टेप धरणार नव्हती. म्हणून म्हटलं, दारालाच आतून लावू. भोक न पाडता, खिळा न ठोकता आरसा लावता येतो का, असं गिऱ्हाईक आम्हाला रोज विचारतं. येतो. पण दार स्पिरिटनं पुसावं लागतं, पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो, टेप बराच वेळ दाबून धरावी लागते. मी ह्यातलं काहीही नीट केलं नाही. ओलं फडकं फिरवलं, धड वाळूही दिलं नाही, आरशाच्या मागं चार कोपऱ्यांना चार तुकडे लावले आणि तळहातानं दाबला. वर्षाला म्हणालो, “आठ-दहा दिवस टिकल. पुढच्या खेपेला हत्यार आणून स्क्रूनं बसवून देतो.”

ती आरशासमोर उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं आता रडणार, मी आरूला उचलून घेतलं.

ती म्हणाली, “एवढंच हाय व्हय? मला तर वाटलेलं, पुरं तोंड गेलं.”

दीड वर्ष तिला कुणी सांगितलं नव्हतं. दीड वर्ष ती मनातल्या मनात त्याहून वाईट चेहरा घेऊन जगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींचा फोन. “भाऊ, आरसा कशानं चिकटवला?”

“टेपनं. काहून?”

“निघून न्हाई राहिला.”

मला खरंच हसू आलं. म्हणालो, “कशाला काढून राहिले मग? राहू द्या की.” त्यांनी फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. आवाज चढलेला. “आज शीतलला बघायला पाव्हणे येऊन राहिले. आई जेवना झाली त्या आरशापायी. तुमी लावला, तुमीच येऊन काढा.” मी गेलो, पण आरसा काढायला नाही. भांडायला. तरी सवयीनं हत्यारांची पिशवी सोबत घेतली होती.

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील, खोलीत चांगलं ऊन होतं. वर्षा आरूला घेऊन कोपऱ्यात उभी. आरसा जिथल्या तिथं. चौकटीच्या कडेला सुरीचे ओरखडे होते आणि वाकलेली सुरी खाली पडली होती. शेजारी वरवंटा. मी विचारलं, हा कशाला? दाजी म्हणाले, “मारून बघितला.” काचेवर साधा चरा नव्हता. माझा विश्वास बसला नाही. वाटलं, हे लोक कायतरी नाटक करून राहिले.

मी बोटं घालून ओढला. हलला नाही. मागून पातळ लोखंडी पत्ती घातली, हलला नाही. मग मी तार काढली. चिकटवलेला आरसा काढायची आमची ही पद्धत — बारीक तार दोन्ही हातांत ताणून आरशाच्या मागं घालायची आणि करवतीसारखी ओढत खाली आणायची. टेप कापली जाते, आरसा हातात येतो. मी दाजींना आरसा खालून धरायला सांगितला आणि तार वरून सरकवली. वरचे दोन तुकडे कापले गेल्याचं बोटांना कळलं. मधे काहीच नव्हतं, तार सरळ आली. मग खालचे दोन तुकडे. आणि तार खालून बाहेर आली.

माझ्या दोन्ही हातांत तार होती. आरसा आणि दार ह्यांच्यामधून ती आरपार गेली होती. म्हणजे मधे धरून ठेवणारं काहीही उरलेलं नव्हतं.

दाजींनी हात काढला. आरसा तिथंच.

मी पुन्हा तार घातली. ह्या वेळी कुठंही अडली नाही, लोण्यातून यावी तशी खाली आली. आरसा तिथंच. मी दाराचा कोपरा धरून जोरात हलवलं, चौकट खडखडली, पण आरसा हलला नाही.

“बघितलं का!” सासूबाई दारातून ओरडल्या. “ह्यानं करणी करून आणलंय घरात! भाऊबीजेचं निमित्त करून आला अन् हे चिकटवून गेला!”

दाजी म्हणाले, “आई, गप. भाऊ, दारच काढा. बिजागऱ्या खोला, दार आरशासकट बाहेर टाकू.”

मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, “अन् दार काढलं तर हिला कुठं ठेवू? पाव्हणे बाराला येऊन राहिले. उघड्या खोलीत बसवू का हे तोंड घेऊन?”

इतके दिवस जे कुणी उघड म्हटलं नव्हतं ते त्यांनी म्हटलं होतं, आणि तेही तिच्यासमोर. मग माझा तोल गेला. मी काय काय बोललो ते सगळं इथं लिहिता येणार नाही. दाजींना म्हणालो, “डॉक्टरसमोर मान हलवत होते ना तुमी? का तकलीफ आहे हिच्यापासून तुमाला, सांगा! माणूस आहे का भाकरीवरची बुरशी, झाकून ठेवायला?” दाजी खाली बघत उभे. तो गडी शेवटपर्यंत खालीच बघत होता. मी पाना उचलला, दार फोडायचंच ठरवलं.

“दादा, सरक,” वर्षा म्हणाली.

ती पुढं आली. पदर नीट केला, आरशात बघितलं. करंडा काढून कुंकू लावलं, सावकाश, मधोमध. घाई म्हणून नाही. मग दोन्ही कडांना दोन-दोन बोटं लावून तिनं आरसा उचलला. फळीवरची ताटली उचलावी तसा. कसला आवाज नाही, ओढणं नाही. माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर.

आरसा काखेत घेतला, आरूचा हात धरला आणि मला म्हणाली, “चल.”

आम्ही बाहेर आलो तेव्हा ओट्यासमोर पाहुण्यांची जीप येऊन थांबत होती, वेळेच्या आधीच. मुलाची आई खाली उतरली, वर्षाकडं बघून म्हणाली, “ही कोण?” मागं सासूबाई उभ्या.

वर्षाच म्हणाली, “मी थोरली सून. माहेरी चालले. या, बसा, चहा घेऊन जा.”

आणि ऐका — शीतलची सोयरीक त्याच आठवड्यात पक्की झाली. डागांबद्दल त्या लोकांनी चकार शब्द काढला नाही. ज्याच्यासाठी माझ्या बहिणीला दीड वर्ष कोंडलं, ती भीती कुणाच्या मनातही नव्हती. हे आठवलं की आजही जेवण जात नाही मला.

वर्षा तेव्हापासून आमच्याकडं आहे. नांदेडची ट्रीटमेंट पुन्हा चालू केली, आणि इथंच एका शिशुवर्गात मुलं सांभाळते. सुरुवातीला मुलांच्या दोन-तीन आया कुजबुजल्या. माझी बायको जाऊन त्यांच्याशी बोलून आली. काय बोलली ते सांगत नाही, पण कुजबुज बंद झाली.

राहिला प्रश्न आरशाचा. मी तो बारकाईनं तपासला. चारही तुकडे मधोमध कापलेले, कापलेल्या बाजूला धूळ आणि फोमचा चुरा. बोट लावलं तर चिकटत नव्हतं. त्याच गुंड्यातली टेप घेऊन दुकानातल्या पीव्हीसी दारावर तसाच आरसा लावून बघितला, तार मारली की दर वेळी खाली. एकजण म्हणाला व्हॅक्यूम झालं असेल. अरे, मधून तार जाते तिथं हवा जात नाही? दुसरा म्हणाला, दार ओलं होतं म्हणून. ओलं होतं म्हणून तर आधीच पडायला पाहिजे होता! वर्षाला विचारलं, तर ती म्हणते, “मला न्हाई माहीत दादा. मी नुसता उचलला.” तिकडं गावात सासूबाई सांगत फिरतात की मी करणी करतो. त्यांचं सोडा.

मागच्या महिन्यात दुपारी दाजी दुकानात आले. पहिल्यांदाच. वर्षा कामावर होती, आरू तिच्यासोबत. मी मशीन बंद केलं. मनात म्हटलं, माफी मागायला आला असेल तर निदान पाणी तरी देऊ. ते स्टुलावर बसले, इकडंतिकडं बघितलं, घाम पुसला. वर्षा कशी आहे, विचारलं नाही. लेकरू कसं आहे, विचारलं नाही.

म्हणाले, “भाऊ, एक सांगा. ती टेप कोणत्या कंपनीची होती?”

मी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि रस्त्यावर नेऊन सोडलं. पाणी दिलं नाही. आणि उत्तरही दिलं नाही, कारण टेपनं तो आरसा धरलाच नव्हता. कशानं धरला होता, ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं. आजही नाही.